मंडळीनं द्यायचा दाखला

सेमिनरीच्या प्रवेशअर्जातली बहुतेक पानं उमेदवारानंच भरायची असतात. नाव, जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, दृढीकरण झालं आहे का, शिक्षण, गुण, आजारपण, लग्न झालंय का. मग दोन-तीन कोरी पानं असतात, त्यांवर स्वतःची साक्ष लिहायची: प्रभूची ओळख कशी झाली, सेवेचं पाचारण कसं आलं. मुलं हे सगळं कसंबसं का होईना, पूर्ण करतात. पण एक पान त्यांच्या हातात नसतं. ते मंडळीनं आणि तिच्या पाळकानं भरून, पाकीट बंद करून पाठवायचं असतं. पाचोड आणि आसपासच्या खेड्यांत पाळक म्हणून काम करताना हे पान माझ्या वाट्याला पुष्कळदा आलं. अख्ख्या अर्जात सर्वांत जबाबदारीचं पान तेच, असं माझं मत झालं आहे. गुणपत्रिका मुलानं काय लिहिलं ते सांगते. तो कसा वागतो हे त्याच्या शेजारी राहणारी माणसंच सांगू शकतात.

पाचोड पैठण तालुक्यातलं, छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचं गाव. व्यापारी ते मोसंबीच्या बाजारामुळे ओळखतात. माझ्या मंडळीतली माणसं त्या बाजारात फळं तोडणारी, क्रेट भरणारी, कुणाच्या बागेत सालगडी असलेली. पावसानं दगा दिला की ऊसतोडीला जाणारी. घरं थोडी, पण विश्वास जुना. या मुलखात प्रोटेस्टंट मंडळ्या एकोणिसाव्या शतकातच रुजल्या. मूळचे ब्राह्मण असलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेलची वसाहत उभी केली. पारशी घरातून आलेले रेव्हरंड रतनजी नवरोजी औरंगाबादच्या बाजूला खेडोपाडी फिरले. त्यांच्या मागोमाग जे लोक मंडळीत आले ते बहुतेक गावकुसाबाहेरचे होते. 29 नोव्हेंबर 1970 रोजी निरनिराळ्या मिशनांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली आणि आज आम्ही तिच्या मराठवाडा धर्मप्रांतात आहोत.

इथल्या एखाद्या मुलाला पाळक व्हायचं असेल तर त्याला बहुधा पुण्याची वाट धरावी लागते. तिथे मराठी मंडळ्यांसाठी उभी राहिलेली युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी आहे. 1983 साली यवतमाळहून पुण्याला आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, तिथलं शिक्षण इंग्रजीतून. बी.टीएच.ला साधारणपणे बारावी लागते आणि बी.डी.ला विद्यापीठाची पदवी. पदवी मिळते ती सेरामपूरच्या सिनेटची. एका मुलाच्या वडिलांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. ‘म्हणजे आपलं नगरकडचं श्रीरामपूर? लई लांब न्हाई मग,’ ते म्हणाले. मी त्यांना बंगालातल्या, हुगळीकाठच्या श्रीरामपूरची गोष्ट सांगितली. विल्यम केरी आणि त्यांच्या सोबत्यांनी 1818 मध्ये तिथे कॉलेज काढलं, 1827 मध्ये डेन्मार्कच्या राजानं त्याला पदव्या देण्याची सनद दिली. हेच केरी 1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापणारे. त्यांना मराठी शिकवायला वैजनाथ नावाचे पंडित होते. मोसंबीच्या बागेत राबणारा तो माणूस हे सगळं लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, ‘पंडिताचं नाव ऱ्हायलं का कुठं?’ राहिलं आहे, हे सांगताना मला समाधान वाटलं.

कागदपत्रांची जमवाजमव सुरू झाली की पहिली अडचण बाप्तिस्म्याच्या दाखल्याची येते. बाहेरून पाहणाऱ्याला तो साधा कागद वाटेल. मंडळीची नोंदवही उघडायची, तारीख शोधायची, सही-शिक्का करायचा. पण आमच्याकडच्या कितीतरी मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर धर्म हिंदू आणि पुढे जात लिहिलेली असते. आजा बाप्तिस्मा घेतलेला, बाप मंडळीत वाढलेला, पण पहिलीत नाव घालताना मास्तरांनी जे लिहिलं ते तसंच पुढे चालत आलं. त्या नोंदीवर शिष्यवृत्ती मिळाली, वसतिगृह मिळालं, मुलगा पदवीपर्यंत पोचला. आणि आता सेमिनरी विचारते: तू ख्रिस्ती मंडळीचा सभासद आहेस याचा पुरावा दे.

1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात जागा आहे, पण ती सवलत निराळी आणि तोकडी. 2022 च्या ऑक्टोबरात केंद्रानं या प्रश्नावर माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. 2024 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं पुद्दुचेरीच्या एका बाप्तिस्मा झालेल्या स्त्रीचा अनुसूचित जातीच्या दाखल्याचा दावा फेटाळला. वर्तमानपत्रात हे वाचणाऱ्याला तो कायद्याचा मुद्दा वाटतो. माझ्या ओट्यावर तो दोन कागद हातात घेऊन बसलेला असतो.

असाच एक मुलगा आला. त्यानं दोन्ही दाखले माझ्यासमोर ठेवले आणि विचारलं, ‘पाळकसाहेब, यातला कोणता लावू?’ त्याची आई दाराशी उभी होती. मी बोलायच्या आत तीच बोलली. ‘ख्रिस्ती झालो म्हणून गावानं आम्हाला कधी वेगळ्या पंगतीला बसवलं का? व्हतो तिथंच ठेवलं ना? मग सरकार कशाच्या आधारावर म्हणतंय, तुमची जात गेली म्हणून?’ तिचं म्हणणं खोटं नव्हतं. कायद्यानं तिच्यावर अन्याय केला आहे असंच मी मानतो आणि जिथे संधी मिळेल तिथे बोलतो. पण बाप्तिस्म्याच्या वहीतली तारीख मी मागेपुढे करणार नाही, हेही त्या दोघांना ठाऊक होतं. तशी मागणी त्यांनी केली नाही. रात्रभर घरात बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी मुलगा म्हणाला, ‘जे हाय ते लावा.’ त्यानं राजपत्रात धर्माची नोंद बदलून घेतली. जुन्या दाखल्यावर ज्या सवलती पुढे मिळाल्या असत्या त्यांवर पाणी सोडलं. घरातल्या धाकट्या भावंडांचं काय करायचं हा प्रश्न त्या घरापुढे अजून उभा आहे.

अर्जात या सगळ्यासाठी एक रकाना आहे, ‘बाप्तिस्म्याची तारीख’ एवढाच. म्हणून मी स्वतंत्र कागद जोडला आणि त्या तारखेमागे या घरानं काय मोजलं ते लिहिलं. उमेदवाराच्या समर्पणाबद्दल मुलाखतीत तासभर विचारतात. मला वाटतं, या मुलाच्या बाबतीत त्याचं उत्तर दाखला जोडला तेव्हाच मिळालं होतं.

मंडळीच्या पानावर एक प्रश्न नेहमी असतो: उमेदवार रविवारच्या उपासनेला नियमित हजर असतो का? शहरातल्या पाळकाला याचं उत्तर हो किंवा नाही असं देता येतं. आमच्याकडे अर्धी मंडळी दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून निघते ती उन्हाळा लागल्यावर परत येते. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली असते, ती फिटेपर्यंत हलता येत नाही. सुट्टीत मुलंही जातात, कधीकधी सुट्टी नसतानाही. मग रविवारी देवळात बाकं रिकामी असतात आणि माझ्यासमोर म्हातारी माणसं आणि त्यांच्यापाशी ठेवलेली नातवंडं बसलेली असतात. अशा मुलाला ‘नियमित’ म्हणायचं की ‘अनियमित’?

एका वर्षी मी हे उत्तर शोधायला स्वतः फडावर गेलो. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याजवळच्या रानात कोप्या होत्या, त्यांतल्या एकीत आमचा उमेदवार आईबापांसोबत राहत होता. पहाटे चारला उठून तोडणीला, दिवसभर मोळ्या बांधून ट्रॉली भरायची, मध्येच रात्री गाडी आली तर पुन्हा उठायचं. मी पोचलो त्या संध्याकाळी शेजारच्या कोपीतली एक बाई तापानं फणफणली होती. ती आमच्या मंडळीची नव्हती, ख्रिस्तीही नव्हती. हा मुलगा मुकादमाशी भांडून तिच्यासाठी गाडी घेऊन आला, दवाखान्यात तिच्या नवऱ्याबरोबर बसला आणि उजाडताना परत येऊन सरळ कोयता उचलून फडात गेला. रात्री कोप्यांमध्ये तो स्तोत्रसंहितेतलं थोडं वाचतो आणि प्रार्थना करतो, आणि वेगवेगळ्या जातीची माणसं तिथे येऊन बसतात, हे मला त्याच्या आईकडून कळलं. त्यानं स्वतःच्या साक्षीत यातलं एक अक्षरही लिहिलं नव्हतं. ‘हे सांगायचं असतं हे मला म्हाईत नव्हतं,’ तो म्हणाला.

त्या प्रश्नापुढच्या रेघेवर मी ‘होय’ लिहिलं आणि पुढचं पान भरून कारण दिलं. उपासना म्हणजे केवळ देवळाची इमारत नव्हे हे सेमिनरीतले प्राध्यापक माझ्यापेक्षा चांगलं शिकवतात. ते आपल्या अर्जालाही लागू व्हावं, एवढीच माझी मागणी आहे.

याच उमेदवाराच्या अर्जात आणखी एक प्रश्न होता: तुमच्यावर कर्ज आहे का? हा प्रश्न योग्य आहे. घेणेकऱ्याच्या दबावाखाली असलेला पाळक मंडळीच्या पैशाला हात लावू शकतो, हे मी पाहिलेलं आहे. पण मुलाच्या नावावर एक रुपयाचंही कर्ज नव्हतं आणि तरी तो बांधलेला होता, कारण बापानं घेतलेली उचल त्याच्या हातांच्या भरवशावर घेतलेली होती. तो पुण्याला गेला तर कोयता मोडणार होता. मंडळीच्या पंचांची बैठक बसली. कुणाकडे फार पैसे नव्हते. तरी धान्य विकून, भिशीतले काढून, एकानं शेळी विकून, त्यांनी उचलीतला उरलेला भाग मुकादमाला चुकता केला. धर्मप्रांताची शिष्यवृत्ती शिक्षणाला असते, असल्या देण्याला नसते. त्या रकान्यात मग ‘नाही’ लिहिता आलं.

काही ठिकाणी पालकांची संमती आणि सही मागतात. उमेदवार सज्ञान असतो, तरी मागतात. या अटीवर काहीजण नाराज होतात, मी होत नाही, कारण तिच्यामागचा इतिहास मला ठाऊक आहे. नारायण शेषाद्रींचा बाप्तिस्मा मुंबईत 1843 साली झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत त्यांच्यामागे मिशनच्या घरात गेला. तो लहान होता. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयानं मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला. पुढे त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावं यासाठी ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि त्यापायी त्यांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. एका घराचे दोन तुकडे झाले. नारायणराव पुढे 1854 मध्ये धर्मगुरू झाले, आमच्या मुलखात आले. पण त्या घराची ओढाताण मी विसरू शकत नाही. सेवेला जाणाऱ्यानं आईबापांशी बोलून जावं, हे मला पटतं.

अडचण येते ती ऋतूची. अर्ज भरण्याचे दिवस आणि ऊसतोडीचे दिवस एकच. आई एका कारखान्याच्या हद्दीत, बाप ट्रॉलीबरोबर दुसऱ्याच गावी. सही घ्यायला मुलगा दोन दिवस प्रवास करतो, आणि पुष्कळदा ती सही म्हणजे अंगठाच असतो.

इंग्रजीबद्दल मला अधिक बोलायचं आहे. प्रवेशपरीक्षेत पवित्र शास्त्राचं ज्ञान, सामान्य ज्ञान आणि इंग्रजी असतं. आमच्या मुलांचं पवित्र शास्त्र पक्कं असतं. संडे स्कूलपासून वचनं पाठ, प्रेषितांची कृत्ये तोंडावर. पण प्रश्नपत्रिका इंग्रजीत आली की ती गप्प होतात. मी संध्याकाळी त्यांना बसवून सहासष्ट पुस्तकांची इंग्रजी नावं लिहायला लावायचो. बारावीपर्यंत मराठीत शिकलेल्या, उसाच्या पट्ट्यात वर्षाचे सहा महिने काढणाऱ्या मुलानं तीन तासांच्या इंग्रजी परीक्षेत मागे पडणं यात त्याचा दोष नाही. इंग्रजी शिकवा, जरूर शिकवा, त्याशिवाय मोठ्या ग्रंथालयाचं दार उघडत नाही. पण ती प्रवेशाच्या दारावर उभी करू नका. पहिल्या वर्षात शिकवा. ज्या मंडळीत तो परत येणार आहे तिथली म्हातारी त्याच्याकडून मराठीतच सांत्वन मागणार आहे.

नगरला 1878 साली रॉबर्ट ह्यूम यांनी धर्मशिक्षणाची शाळा काढली, तिथे नारायण वामन टिळकांनी कितीतरी वर्षं शिकवलं. टिळकांकडे आजच्या अटींत बसणारी धर्मशास्त्राची पदवी नव्हती. 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि घर तुटलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई 1900 मध्ये मंडळीत आल्या. त्या शाळेत गेलेल्या नव्हत्या, लिहायला-वाचायला नवऱ्याकडून शिकल्या आणि पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं. आजचा अर्ज घेऊन ही दोघं आली असती तर कुठल्या रकान्यात बसली असती, हा विचार मी प्रत्येक वेळी पेन हातात घेताना करतो. गुणांची अट काढून टाका असं मी म्हणत नाही. ग्रीक-हिब्रूचे तास, मंडळीचा इतिहास, समुपदेशन, हे सगळं झेपायला अभ्यासाची सवय लागते आणि अर्धवट शिकलेला पाळक मंडळीचं नुकसान करतो. पण गुण थोडे कमी पडले की अर्ज बाजूला ठेवण्याआधी मंडळीचं पान एकदा वाचलं जावं.

एकदा एका मुलीनं सेमिनरीला जायचं ठरवलं. गावातल्या दवाखान्यात ती मदतनीस होती. आमच्या चर्चमध्ये स्त्रियांना दीक्षा मिळते, अर्जात कुठलीही आडकाठी नाही. आडकाठी पंचांच्या बैठकीत आली. रात्री-अपरात्री मयताला कोण जाईल, लग्न झाल्यावर सासरचे पाठवतील का, बाईच्या हातून प्रभुभोजन लोक घेतील का. बोलणारे वाईट नव्हते, काळजी खरी होती. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली मंडळीतली सर्वांत वयस्कर मावशी उठली. ‘म्या मेल्यावर मला आंघोळ घालायला बायाच येत्याल. दवाखान्यात माझी घाण हिनंच काढली. मंग हिनं माझ्यावर प्रार्थना केली तर कुणाचं काय बिघडतंय?’ बैठकीचा ठराव लिहिताना मी मावशींचं वाक्य जसंच्या तसं इतिवृत्तात घेतलं आणि त्याची प्रत शिफारसीला जोडली. मुलाखतीला ते वाचून दाखवण्यात आलं, असं मुलीनं आल्यावर सांगितलं.

सर्वच अर्जांना मी होकार दिला नाही. एक हुशार, देखणा, गाण्यात तरबेज तरुण होता. उपदेश असा करायचा की लोक डोळे पुसत. स्वतःच्या आईला तो शिवीगाळ करतो, हे अख्ख्या वस्तीला माहीत होतं. त्याला समोर बसवून मी सांगितलं, की हे मी पानावर लिहीन, किंवा तू एक वर्ष थांब. तो रागानं गेला. वर्षानंतर आला तेव्हा आई त्याच्याबरोबर होती, आणि ती मला म्हणाली, ‘आता लिहा, साहेब.’ ही शिफारस द्यायला मला आईशिवाय कुणाची साक्ष लागली नाही. तो पुढे डिकन झाला, मग प्रेस्बिटर, आणि दूरच्या पास्टरेटमध्ये आहे.

गेल्या काही वर्षांत पंचांनी एक बदल केला आहे. सेमिनरीच्या उमेदवारांसाठीची बैठक आता आम्ही टोळ्या निघायच्या आधी, पितृपंधरवड्याच्या आसपास घेतो. तेव्हा सगळी माणसं गावात असतात. ज्याला जायचं आहे तो सर्वांसमोर उभा राहून सांगतो, आणि त्यानंतर तो बाहेर जातो आणि बाकीचे बोलतात. सालगडी, शिक्षिका, शेळ्या राखणारी बाई, उचलीतून नुकताच सुटलेला पोरगा, सगळ्यांनी बोलायचं. मी फक्त लिहून घेतो. आईबापांच्या सह्या, अंगठे त्याच दिवशी होतात. जानेवारीत अर्ज हाती येतो तेव्हा हे कागद तयार असतात. अर्जातल्या जागेत ते मावत नाहीत, म्हणून मी ते शिवून मागे जोडतो आणि पहिल्या पानावर पेननं लिहितो: ‘सोबत मंडळीचं म्हणणं, कृपया पूर्ण वाचावं.’ यंदा दोघांचे आहेत. एकाचे गुण कमी आहेत आणि त्याच्याबद्दल मंडळीनं सर्वांत जास्त पानं भरली आहेत.